भेगाळलेल्या विटांच्या भिंतीवर फायबरच्या पट्ट्या: कधी लावाव्यात, कशा लावाव्यात

प्रश्न असा आहे: पाटण तालुक्यात १९७० च्या दशकात बांधलेलं एक मजली घर. नऊ इंची विटांच्या भिंती, वर आरसीसी स्लॅब, खांब नाहीत. दोन भिंतींना खिडक्यांच्या कोपऱ्यांपासून तिरक्या भेगा गेल्या आहेत आणि एका कोपऱ्यात दोन भिंती एकमेकींपासून सुटल्यासारख्या दिसतात. एका ठेकेदाराने सांगितलं आहे, की गिलावा न पाडता वरूनच कार्बन फायबरच्या पट्ट्या चिकटवतो, भिंत लोखंडासारखी होईल. हे करावं का?

गिलाव्यावर चिकटवणार असेल तर अजिबात करू नका. उघड्या विटेवर, भेगेचं कारण थांबवल्यानंतर, टोकं नीट अडकवून करणार असेल तर विचार करण्यासारखं आहे. आणि तुमच्या घरात तो सुटलेला कोपरा आधी बांधायला हवा, पट्ट्या त्यानंतर. हे तिन्ही मुद्दे मी सविस्तर सांगतो, कारण या कामात पैसा बराच जातो आणि चुकीचं झालेलं काम वरून दिसत नाही. रंग दिला की चांगली पट्टी आणि वाईट पट्टी सारखीच दिसते.

सगळ्यात आधी पट्टी काम कशी करते ते. कार्बनचा कापडासारखा पत्रा ओढीला पोलादाच्या कित्येक पट पक्का असतो, ही गोष्ट खरी आहे. पण ही ताकद भिंतीत पोचते ती चिकटलेल्या पृष्ठभागातून. त्यामुळे कोणत्याही भिंतीवर हे काम ठरवण्याआधी मी एक साधी चाचणी करून घेतो. गिलावा काढून साफ केलेल्या विटेवर ५० मिलिमीटर व्यासाची धातूची चकती इपॉक्सीने (दोन भाग कालवून घट्ट होणाऱ्या रेझिनने) चिकटवायची, तिच्या कडेने विटेत गोल खाच मारायची आणि इपॉक्सी घट्ट झाल्यावर छोट्या यंत्राने ती सरळ बाहेर ओढायची. चकती निघाली की तिची पाठ बघावी. इपॉक्सी सुटलेलं नसतं. विटेचा दोन-तीन मिलिमीटरचा लाल पापुद्रा चकतीला तसाच चिकटून आलेला असतो, आणि भिंतीत त्याच मापाचा खडबडीत खळगा राहतो. म्हणजे तुटली ती वीट.

काँक्रीटवर फायबर लावताना या चाचणीत किमान १.४ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर मिळावेत अशी अपेक्षा असते. चकतीच्या हिशेबाने ती सुमारे २८० किलोची ओढ झाली. आपल्याकडच्या गावभट्टीच्या विटेवर माझ्या अनुभवात चकती शंभर किलोच्या आसपास हातात येते, आणि जुन्या, पाणी मुरलेल्या भिंतीवर त्याच्याही आत. गिलाव्यावर चाचणी करून पाहिली तर गिलाव्याची खपली पडते, विटेपर्यंत ओढ पोचतच नाही. तुमच्या ठेकेदाराच्या प्रस्तावाला माझा विरोध आहे तो यासाठी.

आता आकड्यांत बघू. ३०० मिलिमीटर रुंदीची, चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाच्या कार्बनची एक थराची पट्टी घ्या. त्यातल्या धाग्यांची नुसती जाडी भरते ०.१६७ मिलिमीटर, म्हणजे छेद सुमारे ५० चौरस मिलिमीटर. चौरस मिलिमीटरला ३५०० न्यूटनची तोडताकद धरली तर ही पट्टी तुटायला साडेसतरा टनांची ओढ लागेल. ठेकेदाराच्या माहितीपत्रकात हाच आकडा असतो. पण विटेवरून ती त्याच्या फार आधी सुटते. विटेचा पापुद्रा निघतो तेव्हा पट्टी जेमतेम ०.२ टक्के ताणलेली असू शकते, तर कार्बन तुटतो तो दीड टक्क्याच्या आसपास. ०.२ टक्के ताणाला २३० गिगापास्कल ताठपणाच्या कार्बनमध्ये ४६० न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर येतात, आणि पट्टीची ओढ होते सव्वादोन टनांच्या जवळपास. साडेसतरा कुठे आणि सव्वादोन कुठे! हिशेबात हा सव्वादोनचा आकडा धरला आहे की माहितीपत्रकातला, हे विचारलं की समोरच्याने खरोखर डिझाइन केलं आहे का ते लगेच कळतं. विटांच्या भिंतींसाठी अमेरिकेत एसीआय ४४०.७आर आणि इटलीत सीएनआर-डीटी २०० ही मार्गदर्शिका आहे. दोन्हींमध्ये पट्टीचा ताण चिकटपणाच्या मर्यादेने बांधलेला आहे.

याच हिशेबातून पुढची गोष्ट निघते. पापुद्रा सुटायच्या क्षणी पट्टीत किती ओढ असेल हे तिच्या ताठपणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतं. चौरस मीटरला ९०० ग्रॅमचं काचेच्या धाग्यांचं कापड आणि वरचं ३०० ग्रॅमचं कार्बन यांची तुलना केली तर विटेवर कार्बनकडून वीस-पंचवीस टक्केच जास्त मिळतात. किलोच्या भावात मात्र कार्बन काचेच्या कितीतरी पट महाग. पूल, तुळया, काँक्रीटचे खांब यांच्यावर कार्बन आपली किंमत वसूल करतो. नऊ इंची साध्या विटेवर मी काचेच्या धाग्याचंच कापड सुचवतो. एक काळजी घ्यायची: साधी काच सिमेंटच्या अल्कलीने खराब होते, म्हणून प्रत्येक धागा इपॉक्सीत पूर्ण भिजलेला हवा, कोरडा धागा कुठेही दिसता कामा नये.

भेगेचं कारण हा मुद्दा लोक सगळ्यात जास्त टाळतात. खिडकीच्या कोपऱ्यातून निघालेली तिरकी भेग तीन-चार वेगवेगळ्या कारणांनी पडते, आणि त्यांतल्या एकाच कारणावर, भूकंपावर, पट्टी हा उपाय आहे. पाया एका बाजूला खचला तर भेग तिरकी जाते आणि वर जास्त उघडी, खाली बारीक अशी दिसते, किंवा उलट. काळ्या मातीवरच्या घरांत भेग मे महिन्यात उघडते आणि श्रावणात मिटते, दरवर्षी. स्लॅब उन्हाने फुगत-आकसत असेल तर छताच्या स्लॅबच्या खाली आडवी भेग जाते आणि कोपऱ्यांशी तिरकी होते. भूकंपाच्या भेगा बहुधा दोन्ही दिशांनी तिरक्या, फुलीसारख्या असतात, कारण जमीन दोन्हीकडे हलते. सांध्यांमधून पायऱ्या-पायऱ्यांनी गेलेली भेग म्हणजे मसाला कमजोर. वीट फोडून सरळ गेलेली भेग म्हणजे मसाल्यापेक्षा वीट कमजोर.

म्हणून आत्ता एक काम करा. प्रत्येक भेगेवर दोन ठिकाणी गिलावा खरवडून, उघड्या विटेवर भेगेला आडवी अशी काचेची पातळ पट्टी दोन्ही टोकांना इपॉक्सीने चिकटवा आणि शेजारी पेन्सिलीने तारीख लिहा. काच तडकली तर भेग जिवंत आहे. शक्य असेल तर भेगेची रुंदी मोजायची पारदर्शक पट्टी घेऊन महिन्याला एकदा आकडा लिहून ठेवा. एक उन्हाळा आणि एक पावसाळा जाऊ द्या. घाई करण्यासारखी भिंत असेल, म्हणजे ओळंब्यातून बाहेर गेली असेल किंवा विटा चुरगळत असतील, तर तिला आधी टेकू द्या. पण टेकू देणं वेगळं आणि कायमची दुरुस्ती वेगळी. पाया हलत असताना चिकटवलेली पट्टी एका भेगेला धरून ठेवते आणि भिंत शेजारी दुसरीकडे फाटते. अशा घरात पैसा पायाशेजारचं पाणी वळवण्यावर, गळकं गटार दुरुस्त करण्यावर, जोत्याभोवती फरसबंदी करण्यावर आणि गरज असेल तर पाया खाली उतरवण्यावर जायला हवा.

तुमच्या परिसरात भूकंपाचा विचार मात्र सोडता येत नाही. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप सगळ्यांना माहीत आहे. धरणाच्या परिसरात लहान धक्के तेव्हापासून चालूच आहेत. आयएस १८९३ या भूकंपविषयक भारतीय मानकाच्या २०१६ च्या नकाशात कोयना परिसर झोन चारमध्ये आहे. तुमचं घर त्या भूकंपानंतरचं असलं, तरी त्यात लिंटेलच्या, म्हणजे खिडकी-दारांवरच्या आडव्या तुळईच्या पातळीला सलग आरसीसी पट्टा आहे का हे तपासा. खिडक्यांवर तुकड्या-तुकड्यांनी टाकलेली लिंटेल म्हणजे पट्टा नव्हे. गिलावा एका ठिकाणी फोडून, खिडकी आणि कोपरा यांच्या मध्ये बघितलं की कळतं.

आता तो सुटलेला कोपरा. चार मीटर लांब, तीन मीटर उंच अशी नऊ इंची भिंत पाच टनांहून जास्त वजनाची असते. भूकंपात ती स्वतःच्या जाडीच्या दिशेने, म्हणजे घराबाहेर किंवा आत हलते, आणि तिला अडवायचं काम काटकोनातल्या भिंती करतात. कोपरा सुटला की तिला धरणारं कोणी उरत नाही. विटांच्या घरांत माणसं दगावतात ती बहुतेक अशा बाहेर पडलेल्या भिंतींखाली. कडब्याच्या पेंढीला आळा बांधतात तसा घराला सगळीकडून आडवा पट्टा हवा, लिंटेलच्या पातळीला आणि स्लॅबच्या खाली. विटांच्या इमारती भूकंपासाठी मजबूत करण्याच्या आयएस १३९३५ या भारतीय मानकात यासाठी गॅल्व्हनाइज्ड वेल्डमेशचा, म्हणजे जस्त चढवलेल्या तारांच्या जाळीचा पट्टा दिलेला आहे. गिलावा काढून, सांधे खरवडून, जाळी लांब खिळ्यांनी भिंतीवर ठोकायची आणि दोन थरांत १:३ सिमेंट-वाळूचा मसाला चढवायचा. कोपऱ्यात जाळी वळवून पुढच्या भिंतीवर पुरेशी नेऊन गुंफायची. हे काम गावातला चांगला गवंडी करू शकतो, सामान तालुक्याला मिळतं, आगीत ते वितळत नाही. तुमच्या घरात पहिला रुपया इथे खर्च करा. सुटलेला कोपरा त्याआधी टाके घालून शिवायचा: दोन्ही भिंतींत आलटून-पालटून भोकं पाडून स्टेनलेसच्या सळ्या न आकसणाऱ्या ग्राउटमध्ये (भोकं-भेगा भरायच्या पातळ मसाल्यात) बसवायच्या, साधारण दर चार-पाच थरांना एक.

मग फायबरची पट्टी कुठे बसते? जिथे भिंत शाबूत आहे, कारण थांबलं आहे, जाडी वाढवायला जागा नाही आणि भिंतीला तिच्या लांबीच्या दिशेने कातर (भिंतीला तिरकी फाडू पाहणारा जोर) किंवा जाडीच्या दिशेने वाक घ्यायचा आहे, तिथे. दोन खिडक्यांमधला अरुंद खांबासारखा भाग हे तिचं उत्तम ठिकाण. त्यावर फुलीसारख्या तिरक्या पट्ट्या, किंवा काम सोपं हवं असेल तर आडव्या पट्ट्या, आणि वाकासाठी दोन्ही कडांना उभ्या. भूकंप दोन्हीकडे ढकलतो, म्हणून वाकासाठीच्या पट्ट्या भिंतीच्या दोन्ही तोंडांवर हव्यात. एकाच तोंडावर लावल्या तर दुसऱ्या दिशेला भिंत जशी होती तशीच राहते. आणि अति करू नये. पट्ट्यांनी ओढ घेतली की दाब विटेवरच येतो. फार पट्ट्या लावल्या तर भिंत तळाच्या कोपऱ्यात चिरडून फुटते, तीही अचानक.

टोकं हा या कामाचा जीव आहे. १९९० च्या दशकात स्वित्झर्लंडच्या एम्पा या संस्थेत विटांच्या भिंतींवर कार्बनच्या पट्ट्यांच्या सुरुवातीच्या चाचण्या झाल्या, तेव्हाही पट्ट्यांची टोकं वरच्या-खालच्या स्लॅबमध्ये अडकवलेली होती. भिंतीवरच संपणारी पट्टी टोकाकडून सोलत येते. म्हणून प्रत्येक टोकाला फायबरचा अँकर: धाग्यांची दोरी इपॉक्सीत भिजवून स्लॅबमध्ये किंवा जोत्यात पाडलेल्या भोकात खोल बसवायची आणि बाहेरचं टोक पंख्यासारखं पसरून पट्टीवर चिकटवायचं. दरपत्रकात अँकरची ओळ नसेल तर ते दरपत्रक अपुरं आहे.

प्रत्यक्ष कामात मी जागेवर उभा राहून बघतो त्या गोष्टी सांगतो. गिलावा पूर्ण काढायचा, पट्टीच्या रुंदीपेक्षा दोन्हीकडे शंभर मिलिमीटर जास्त. सैल मसाला सांध्यांतून पंधरा-वीस मिलिमीटर खरवडून दरजा नव्याने भरायच्या. फुटक्या विटा बदलायच्या. भेगांत बारीक सिमेंटचं ग्राउट कमी दाबाने, खालून वर. जास्त दाब दिला तर जुनी भिंत फुगते. हे सगळं वाळेपर्यंत थांबायचं, आणि इथेच घाई होते. भिंत धुतली असेल तर आठवडा गेला तरी आतून ओली असते. ओलावामापक लावा, चार टक्क्यांच्या वर असेल तर इपॉक्सी उघडू नका. पावसाळ्यात पाटणसारख्या ठिकाणी हे काम मी घेणारच नाही. विटेवर पांढरा लोणा फुललेला असेल तर तो नुसता झाडून भागत नाही, ओल कुठून चढते ते शोधून थांबवावं लागतं. नाहीतर तोच लोणा पट्टीच्या मागे फुलतो आणि तिला आतून ढकलतो.

मग प्रायमर, मग खाचखळगे भरायला इपॉक्सी पुट्टी. पृष्ठभाग तळहाताने चाचपून बघावा. सांध्याचा खड्डा राहिला तर ओढ लागताच पट्टी तिथे सरळ व्हायला बघते आणि भिंतीपासून उचलली जाते. बाहेरचे कोपरे घासून किमान वीस मिलिमीटर त्रिज्येचे गोल करायचे, धारेवर धागा तुटतो. रेझिनचे दोन भाग वजनाने मोजून, डब्यावर लिहिलेल्या प्रमाणातच, आणि एका वेळी अर्ध्या तासात संपेल एवढंच कालवायचं. एप्रिल-मेच्या दुपारी डबा हातात गरम व्हायला लागला की ते रेझिन फेकून द्यावं, पातळ करून वापरू नये. कापड लावल्यावर खाचांचा रोलर धाग्याच्या दिशेने, मधून टोकाकडे फिरवायचा, हवा बाहेर काढत. धाग्याच्या दिशेने जोड आला तर किमान दीडशे-दोनशे मिलिमीटर एकावर एक. वरचा थर अजून चिकट असताना त्यावर कोरडी जाडसर वाळू भुरभुरायची, म्हणजे नंतरचा गिलावा धरतो. दोन दिवसांनी नाण्याने सगळी पट्टी ठोकून बघायची. पोकळ आवाज आला तिथे खडूने खूण करायची. छोटी पोकळी सुईने रेझिन भरून दुरुस्त होते, तळहाताएवढी असेल तर तो भाग कापून पुन्हा.

गुणवत्तेसाठी दोन गोष्टी करारात लिहून घ्या. पट्ट्या लावण्याआधी तुमच्याच भिंतीवर किमान तीन ठिकाणी चकतीची ओढचाचणी, आणि तिचे आकडे डिझाइन करणाऱ्याकडे. त्याच दिवशी, त्याच रेझिनने एक सपाट नमुना बनवून त्याची एएसटीएम डी ३०३९ प्रमाणे प्रयोगशाळेत ओढचाचणी.

उष्णता आणि आग यांविषयी कोणी बोलत नाही. जागेवर घट्ट होणारं साधं इपॉक्सी पन्नास-साठ अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतं, आणि वापरातलं तापमान त्या बिंदूपेक्षा पंधरा अंश खाली ठेवावं असा नियम आहे. पश्चिमेच्या, गडद रंगाच्या भिंतीचा बाहेरचा पृष्ठभाग उन्हाळ्यात त्याच्या वर सहज जातो. तिथे पट्टी शक्यतो आतल्या तोंडावर घ्या, किंवा वर जाड गिलावा आणि पांढरा रंग द्या. उघडी पट्टी उन्हात ठेवूच नये, अतिनील किरणांनी इपॉक्सी पिवळं पडून भुसभुशीत होतं. आगीत पट्टी काही मिनिटांत निकामी होते. म्हणून पट्ट्या नसताना घर रोजच्या वजनाला उभं राहिलंच पाहिजे, भूकंपासाठीची जास्तीची ताकद तेवढी पट्टीकडून घ्यायची.

दगडी, मातीच्या भिंती असतील तर माझं उत्तर वेगळं असतं. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीत जी जाड भिंतींची माळवदाची घरं कोसळली, त्यांच्या भिंतींत आतला आणि बाहेरचा थर एकमेकांना बांधलेलाच नव्हता. मध्ये माती आणि खडी. अशा भिंतीच्या तोंडावर कितीही भारी पट्टी लावली तरी ते तोंड पट्टीसकट बाहेर पडेल. तिथे आधी दोन्ही थर शिवणारे आरपार दगड किंवा काँक्रीटचे टाके, वरच्या मातीचं वजन कमी करणं, मग जाळीचे पट्टे. चुन्यातल्या जुन्या वाड्यांनाही मी इपॉक्सी लावत नाही. चुन्याची भिंत वाफ सोडते, आणि पट्टीमागे ओल कोंडली की चुना मऊ होतो. तिथे अल्कलीला टिकणाऱ्या काचेची जाळी चुन्याच्याच मसाल्यात बसवायची पद्धत चांगली. तिची ताकद कमी, पण ती भिंतीच्या स्वभावाला धरून चालते, आणि पुढे काढावी लागली तर निघते.

वारसा वास्तूंत फायबर वापरूच नये असं मात्र नाही. इटलीत असिसीच्या संत फ्रान्सिसच्या बॅसिलिकाच्या वरच्या चर्चची कमान-छतं २६ सप्टेंबर १९९७ च्या भूकंपात काही ठिकाणी कोसळली आणि खाली चार माणसं गेली. दुरुस्तीत अरामिड नावाचे मजबूत कृत्रिम धागे आणि लाकूड यांच्या बारीक फासळ्या छताच्या वरच्या, न दिसणाऱ्या बाजूला बसवल्या, खालची भित्तिचित्रं तशीच ठेवून. तिथे वजन वाढवायची सोयच नव्हती, म्हणून हलका फायबर योग्य ठरला. तुमच्या घरात तशी अडचण नाही.

तेव्हा तुमच्या घरासाठी मी असा क्रम धरेन. आत्ता काचपट्ट्या आणि ओळंबा: प्रत्येक भिंतीचा वरून-खाली कल मिलिमीटरमध्ये लिहून ठेवा. सुटलेला कोपरा शिवणं आणि जाळीचे आडवे पट्टे पावसाळ्यानंतर, ऑक्टोबरच्या कोरड्या हवेत. त्यानंतर पुढच्या उन्हाळ्याअखेर काचा शाबूत राहिल्या, तर ज्या भिंतीला खिडक्यांमध्ये एक मीटरपेक्षा अरुंद भाग आहे तिथेच काचेच्या कापडाच्या पट्ट्या, दोन्ही तोंडांना, अँकरसह. काच तडकली तर कोणत्या महिन्यात तडकली ते कळवा, आणि सोबत जोत्याजवळचे फोटो पाठवा, सांडपाणी कुठून जातं ते दिसेल असे. पायाचं काय करायचं ते त्यावरून ठरवता येईल.